सिगब्रिटची अकरा पानं

ग्रानत्रेस्कमध्ये कुणाचं घर जळून राख झालं, तर तो माणूस दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन म्हणतो, काल घरात जरा ऊब जास्त झाली. ऐकणारा मान डोलावतो, कॉफी संपवतो आणि उठतो. संध्याकाळपर्यंत त्या माणसाच्या अंगणात फळ्या येऊन पडतात, खिळे येतात, घोंगड्या येतात, शेपू घातलेल्या बटाट्यांची पातेली येतात. कुणी हळहळत नाही, कुणी गळ्यात पडत नाही. उत्तर स्वीडनच्या या जंगलात माणसं थोडी आणि हिवाळा लांब. इथं शब्द सरपणासारखा जपून वापरतात.

सिगब्रिट हालांदर याच मातीतली. बाप नदीतून ओंडके सोडणारा, आई दुसऱ्याच्या गोठ्यात राबणारी. इंग्रजी ती रेडिओवर शिकली, गाई धुता धुता. पुढं शिक्षिका झाली आणि चौतीस वर्षं गावच्या शाळेत तिनं तीच भाषा शिकवली. तिच्या हातात लाल पेन्सिल असायची. मुलानं वहीत 'भयंकर' लिहिलं की ती खोडायची, 'अतिशय' लिहिलं की खोडायची. म्हणायची, खरं असेल तर त्याला ढोल लागत नाही. आज गावातले टक्कल पडलेले पुरुषसुद्धा तिच्यासमोर बोलताना एखादा जाड शब्द तोंडात आला तर गिळतात.

तिचा नवरा तोरवाल्ड मार्चमधल्या पातळ बर्फाखाली गेला, तेव्हा दीर टोपी हातात धरून दारात उभा राहिला आणि म्हणाला, तोरवाल्ड आज जेवायला नाही यायचा. सिगब्रिटनं टेबलावरची एक बशी उचलून फडताळात ठेवली आणि दिराला विचारलं, कॉफी घेणार का. गाव अजून हे सांगतं, आणि अभिमानानं सांगतं. तिला मात्र त्यात काही विशेष वाटलं नाही. मोठ्यानं रडून तोरवाल्ड थोडाच वर येणार होता.

ती एकाहत्तर वर्षांची झाली त्या जूनची ही गोष्ट.

दर तिसऱ्या गुरुवारी गावात पुस्तकांची गाडी येते. बस मोठी, पण आत बाकांच्या जागी फळ्या आणि फळ्यांवर पुस्तकं. बिर्गर ती चालवतो, आणि पुस्तकंही तोच देतो-घेतो. त्या गुरुवारी सिगब्रिट पुस्तकं बदलायला गेली, तर आत बिर्गर डोकं खाजवत उभा. पायऱ्यांजवळच्या स्टुलावर एक बाई बसली होती. चाळिशीची असेल. गुडघ्यापर्यंत चिखल, चेहरा डासांनी फोडून काढलेला, नखांत काळी माती.

"सिगब्रिट, बरी आलीस," बिर्गर म्हणाला. "हिला पुस्तक नको, तिकीट हवंय. मी सांगतोय ही बस कुठं जात नाही, तर म्हणते, बस उभी असली म्हणजे जाणारच. तिचं बरोबर आहे, पण मी करू काय?"

बाई मोडकंतोडकं इंग्रजी बोलत होती. सिगब्रिटनं तिला घरी नेलं. वेलदोड्याचे पाव समोर ठेवले. बाईनं एकामागून एक चार खाल्ले, पाचवा खिशात घातला, आणि मग लाज वाटून काढून ताटलीत ठेवला.

तिचं नाव यादविगा. बेलारूसची. मालवाहू जहाजांवर आठ वर्षं स्वयंपाकीण होती, इंग्रजी तिथलं. यंदा वसंतात धाकट्या बहिणीला घेऊन झाडं लावायच्या कामावर आली. मारिल्या बहिणीचं नाव, वय एकोणतीस. सोळा माणसं एका ठेकेदारानं आणली आणि तोडलेल्या जंगलाकाठच्या एका पडक्या वसाहतीत ठेवली. पहिल्याच दिवशी त्यानं सगळ्यांचे पासपोर्ट काढून घेतले. पहाटे चारपासून रोपं लावायची. संध्याकाळी तो बाहेरून कडी घालायचा. कुणी तोंड वर केलं तर रोपं लावायच्या लोखंडी नळीनं मारायचा. मारिल्याचा घोटा सुजला होता, तिला चालवत नव्हतं. यादविगा रोपांची पेटी आणायला टेकडीपलीकडं गेली ती परतलीच नाही. ओढ्याकाठानं दोन दिवस चालली. बहिणीला सांगून आली होती, आठ दिवसांत माणसं घेऊन येते. महिना संपला की ठेकेदार सगळ्यांना फिनलंडला हलवणार होता.

हे सांगताना ती सिगब्रिटला 'मॅडम' म्हणत होती. सिगब्रिट म्हणाली, मला नावानं हाक मार, इथं फक्त राजाच्या घरच्यांना तसं बोलतात. यादविगा हसली नाही. ती म्हणाली, "सिगब्रिट, तू सांग मग. माझी बहीण कधी बाहेर येईल?"

संध्याकाळी बिर्गर चौकशीला आला. ऐकून घेतलं आणि म्हणाला, ती वसाहत मला ठाऊक आहे, चाळीस किलोमीटर, गिरणीच्या तळ्यापाशी. दोघातिघांना घेतो, गाडी काढू का? सिगब्रिटनं त्याच्याकडं असं पाहिलं, जसं ती वर्गात शाई सांडणाऱ्याकडं पाहायची. आपण कोण कुणाच्या दारात जाणारे? त्यासाठी कचेऱ्या आहेत, कायदा आहे. बिर्गर उठून गेला. या देशात माणूस आधी अर्ज करतो, मग काळजी करतो. सिगब्रिटचा या गोष्टीवर तिच्या बापाचा देवावर नव्हता तेवढा विश्वास होता.

तिनं पोलिसांना फोन केला. ठाणं नव्वद किलोमीटर दूर. फोनवर रूनार नावाचा हवालदार होता, दक्षिणेकडचा, नवा. त्यानं सगळं ऐकलं आणि विचारलं, कुणाच्या जिवाला धोका आहे का?

सिगब्रिटनं शब्द निवडले. मग म्हणाली, "तिथं सगळं अगदी ठीक आहे असं काही म्हणता यायचं नाही."

ग्रानत्रेस्कमधल्या कुणाही माणसानं हे वाक्य ऐकलं असतं तर तो कुऱ्हाड घेऊनच बाहेर पडला असता. रूनार म्हणाला, बरं, मग जिल्ह्याच्या कचेरीला लेखी कळव, सध्या निम्मी माणसं सुट्टीवर आहेत. सिगब्रिटनं त्याचे आभार मानले.

यादविगा दोन दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत होती. अकरा पानं झाली. तिचं इंग्रजी जहाजावरचं, शब्द उभे-आडवे, पण एकेक शब्द ठोकलेल्या खिळ्यासारखा. कचेरीला स्वीडिशमध्ये हवं होतं, आणि ते करायला सिगब्रिट होती.

ती लाल पेन्सिल घेऊन बसली नव्हती, पण पेन्सिल तिच्या हातातून कधी सुटलीच नव्हती.

पहिल्याच ओळीत यादविगानं लिहिलं होतं, आम्ही गुलाम आहोत. अकरा पानांत हा शब्द नऊ वेळा. सिगब्रिटनं जाड शब्दकोश उघडला, जरी उघडायची गरज नव्हती. इंग्रजीत यादविगाच्या वंशाच्या लोकांना एक शब्द आहे, स्लाव, गुलामाला दुसरा, स्लेव्ह, दोघं शेजारी शेजारी राहणारे. स्वीडिशमध्ये दोघांना एकच, स्लाव. चौतीस वर्षं तिनं पोरांना हा फरक फळ्यावर लिहून दाखवला होता. आता तिला वाटलं, हा शब्द मी या बाईच्या नावापुढं कसा लिहू? माझ्या टेबलाशी जेवतेय ती. दुसरे शब्द तिनं चाचपून पाहिले. जुन्या शेतांवर राबणाऱ्या वेठीच्या माणसांना एक शब्द होता, पण तो थडग्यांच्या दगडांतला. जमिनीबरोबर विकल्या जाणाऱ्या कुळांना एक होता, पण तो इतिहासाच्या धड्यातला. सगळेच शब्द तिला मोठे वाटले. शेवटी तिनं लिहिलं, कडक शिस्तीत ठेवलेले कामगार.

खरं सांगायचं तर तो शब्द अडचणीचा नसता तरी तिनं तो खोडलाच असता. कारण पुढची पानंही तशीच उतरली. 'मारतो' याचं झालं, वागणूक कठोर आहे. 'आम्हाला भीती वाटते' याचं झालं, कामगारांमध्ये अस्वस्थता आहे. तिला वाटत होतं, आपण या बाईचं भलं करतो आहोत. कचेरीतली माणसं ओरडणाऱ्याला खोटा समजतात. जो हळू बोलतो त्याचं ऐकतात. तिनं आयुष्यभर हेच पाहिलं होतं. फक्त तिच्या ध्यानात आलं नाही, की गावात माणूस हळू बोलला तर ऐकणाऱ्याला त्याचं घर ठाऊक असतं, त्याचा बाप ठाऊक असतो, तो किती वजन झाकतोय ते ठाऊक असतं. कागदामागं गाव नसतं.

सोमवारी पाकीट टपालात पडलं. शुक्रवारी मिडसमर आला, उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाचा सण. गावानं पानाफुलांचा खांब उभा केला, मुरवलेले मासे आणि नवे बटाटे खाल्ले, खांबाभोवती फेर धरला. सिगब्रिटनं यादविगाला सोबत नेलं, तिच्या डोक्यावर फुलांची वेणी ठेवली. यादविगा खुर्चीवर बसून रस्त्याकडं पाहत होती. दुकानदाराची बायको तिच्या हातात ताटली देऊन म्हणाली, खा गं, इतकी गंभीर का? सिगब्रिटला ते भाषांतर करून सांगावंसं वाटलं नाही.

आठ दिवस उलटून गेले होते. यादविगा रोज सकाळी पत्रपेटीपाशी जाऊन उभी राहायची. टपालवाल्याची पिवळी गाडी यायची, जायची. दुपारी ती सिगब्रिटच्या अंगणातलं गवत हातानं उपटायची. विळा दिला तर घ्यायची नाही. एकदा सिगब्रिट तिला म्हणाली की धीर धर, इथल्या कचेऱ्या सावकाश चालतात पण चुकत नाहीत. यादविगानं हातातलं गवत खाली टाकलं आणि विचारलं, मारिल्याच्या घोट्याला हे सांगू का?

पत्र पंचवीस तारखेला आलं. पेर्निला नावाच्या अधिकाऱ्याची सही होती. अर्ज काळजीपूर्वक वाचला, तिनं लिहिलं होतं. कामाच्या ठिकाणी सोयींची कमतरता दिसते. अशा बाबतीत कामगार संघटनेकडं जावं. सक्ती किंवा कैद यांचा उल्लेख अर्जात नसल्यामुळं या कचेरीला काही करता येत नाही. अर्जदारानं नोकरी सोडली असल्यानं तिच्या परवान्याचा विचार वेगळा केला जाईल.

सिगब्रिटनं पत्र इंग्रजीत वाचून दाखवलं. या खेपेला तिनं काही गाळलं नाही, गाळण्यासारखं काही नव्हतंच.

यादविगा बराच वेळ टेबलक्लॉथवरच्या चौकटी बोटानं मोजत राहिली. मग म्हणाली, "उल्लेख नाही म्हणजे काय? मी नऊ वेळा लिहिलं. तू काय लिहिलंस?"

सिगब्रिट म्हणाली, नक्कल आहे माझ्याकडं.

"वाच. तू जे लिहिलंस ते मला तुझ्या भाषेत नको, या जहाजाच्या भाषेतच वाच. एक ओळ सोडू नको."

सिगब्रिटनं चष्मा पुसला आणि वाचायला लागली. तिच्या आवाजात वर्गातला श्रुतलेखनाचा ठेका होता, एक वाक्य, मग थांबायचं. कडक शिस्तीत ठेवलेले कामगार. वागणूक कठोर आहे. निवासाचं दार संध्याकाळी बंद ठेवलं जातं.

"कोण ठेवतं?" यादविगानं विचारलं.

सिगब्रिटनं कागदाकडं पाहिलं. तिथं कुणीच नव्हतं.

"पुढं वाच."

पुढचं वाक्य सहाव्या पानावरचं होतं. यादविगानं तिथं लिहिलं होतं, माझ्या बहिणीचा घोटा सुजला तर त्यानं तिला त्याच घोट्यावर लाथ घातली, आणि हसला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पायानं तिच्याकडून नऊशे रोपं लावून घेतली. सिगब्रिटच्या कागदावर होतं, एका नातेवाईक महिलेच्या पायाच्या दुखण्याकडं पुरेसं लक्ष दिलं गेलं नाही.

ते इंग्रजीत म्हणताना सिगब्रिटची जीभ मध्येच अडली. तिनं वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि पूर्ण केलं. यादविगा उठली, नळाखाली हात धरून उभी राहिली, पाणी वाहू दिलं.

"मी जंगलातून वाट काढून आले," ती पाठमोरीच म्हणाली. "अस्वलाची विष्ठा तुडवत आले. पण तो माणूस तुझ्या कागदात बसून माझ्याकडं बघतोय आणि हसतोय. तू त्याला कोट घालून दिलास."

मला वाटलं, एवढंच सिगब्रिट म्हणाली, आणि तेही अर्धं राहिलं. तिनं कोरे कागद काढले आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. आम्ही गुलाम आहोत. स्वीडिश शब्द तिनं लिहिला, तोच, तिच्या पाहुणीच्या वंशाचं नाव असलेला, आणि शाई वाळेपर्यंत त्याच्याकडं बघत राहिली. मग मारतो, मग कोंडतो, मग बाहेरून कडी घालतो, मग लाथ. चौतीस वर्षं जे शब्द तिनं पोरांच्या वह्यांतून उपटून टाकले होते, ते सगळे तिला त्या दिवशी एकेक करून परत लावावे लागले. जेवायच्या वेळेपर्यंत अकरा पानं झाली.

सकाळी बिर्गरनं दोघींना जिल्ह्याच्या गावी नेलं. कचेरीत यंत्रातून चिठ्ठी निघाली, सत्तेचाळीस. बाकांवर माणसं आपापल्या चिठ्ठ्या धरून बसली होती. कुणी कुणाच्या शेजारी बसलं नव्हतं, मध्ये एकेक जागा मोकळी. खिडकीशी पेर्निला होती, तरुण, थकलेली. तिनं सांगितलं की निर्णय झालेला आहे, हरकत असेल तर ती टपालानं पाठवायची, तीन आठवडे धरून चला, सध्या सुट्ट्या आहेत.

सिगब्रिट म्हणाली, "पहिल्या कागदात मी खोटं लिहिलं होतं."

पेर्निलानं मान वर केली. खोटं? कुठली वाक्यं?

"सगळी. प्रत्येक वाक्य सभ्य होतं."

आणि ती वाचायला लागली. तिथंच, खिडकीशी उभं राहून, मोठ्यानं. या देशात रांगेत उभा माणूस खोकतानाही तोंड फिरवतो. बाकांवरच्या माणसांनी आधी खाली पाहिलं, मग एकमेकांकडं, आणि मग कुणीच कुठं पाहीनासं झालं. पेर्निला दोनदा म्हणाली की आवाज जरा कमी कर. सिगब्रिटनं आवाज कमी केला नाही. सहाव्या पानावर पोचेपर्यंत पेर्निलानं फोन उचललेला होता.

दुपारी दोन वाजता पोलिसांची गाडी गिरणीच्या तळ्यापाशी उभी राहिली. रूनार पुढं होता. मागं बिर्गरच्या गाडीतून या दोघी. वसाहतीचं दार उघडं होतं. यादविगा गाडी थांबायच्या आत उतरली आणि बहिणीला हाका मारत आत गेली. तिच्या भाषेतल्या हाका, लांबवलेल्या, जशा गाईला रानातून बोलावतात. मग त्या थांबल्या.

आत सोळा गाद्या होत्या, एकीलाही चादर नव्हती. चुलीवरच्या पातेल्यातलं कालवण आंबलं होतं. राय धान्याच्या भाकरीवर हिरवी बुरशी चढली होती. रूनारनं बोट लावून पाहिलं आणि म्हणाला, चार-पाच दिवस तरी झाले असतील. महिना संपायची वाट न बघता मिडसमरच्या सुमाराला गेले. सणामुळं सगळे रस्ते मोकळे होते, कुणी पाहिलंही नसेल. फिनलंडच्या हद्दीत कळवतो, पण पलीकडं जंगल एवढंच, आणि कुठल्या जंगलात ते कोण सांगणार?

मग तो दारापाशी गेला. दाराच्या बाहेरच्या अंगाला मनगटाएवढी लोखंडी कडी होती, नव्या स्क्रूंनी बसवलेली. त्यानं ती सरकवून पाहिली. पुन्हा सरकवली. सिगब्रिटकडं न बघता म्हणाला, "फोनवर तू एवढंच म्हणालीस, की सगळं ठीक आहे असं म्हणता यायचं नाही."

"हो. एवढंच म्हणाले."

"मी विचारलं होतं, धोका आहे का."

"विचारलं होतंस."

त्यानं वही काढली. आता यादविगा साक्षीदार होती, तिचं म्हणणं जागेवरच घ्यायला हवं होतं. ठरलेला दुभाषा दोन तासांच्या अंतरावर. रूनारनं यादविगाला ओट्यावर बसायला सांगितलं आणि सिगब्रिटला म्हणाला, ती बोलेल ते तू सांग, मी लिहितो. ही माणसं इथून हलवली गेली, याबद्दल तिला काय सांगायचंय, विचार.

सिगब्रिटनं विचारलं.

यादविगा कोपऱ्यातल्या एका गादीकडं पाहत होती. तिथल्या भिंतीवर खिळ्यानं ओढलेल्या रेघा होत्या, दिवसाला एक अशा. ती त्या मोजत नव्हती. मग तिनं सिगब्रिटकडं तोंड वळवलं आणि सावकाश, जहाजावरच्या इंग्रजीत, मोजून बोलली. बोलणं संपल्यावर तोंड पुन्हा फिरवलं.

रूनार पेन धरून उभा होता. बिर्गरला थोडंफार इंग्रजी कळत होतं. तो दारातून बाहेर गेला.

"काय म्हणाली?" रूनारनं विचारलं.

सिगब्रिटनं हात एकमेकांत गुंफले. फळ्याशी उभं राहावं तशी ती ताठ उभी राहिली, आणि श्रुतलेखनाच्या आवाजात तिनं सांगितलं.

"ती म्हणते, माझी बहीण दहा दिवस या गादीवर माझी वाट बघत होती. त्या दहा दिवसांत मी या म्हातारीच्या घरी पाव खात होते. या म्हातारीला चांगलं बोलायची सवय आहे. तिनं माझ्या बहिणीला गुलाम म्हटलं नाही, म्हणून माझी बहीण अजून गुलाम आहे. तिला जे होईल ते ठेकेदारानं केलेलं असेल, आणि हिनंही."

रूनारचं पेन वहीवर टेकलं होतं, पण हलत नव्हतं. त्यानं विचारलं, शेवटचं वाक्य जरा वेगळं लिहू का? म्हणजे, अर्थ तोच राहील.

"नको," सिगब्रिट म्हणाली. "ती म्हणाली तसंच लिही. आणि वर बहिणीचं नाव घाल. नातेवाईक महिला लिहू नको. मारिल्या. वय एकोणतीस."